आकृती क्रमांक चार

परत आलेली नऊ खोकी धाकटीने लांब टेबलावर एका ओळीत मांडली आणि वरून फडकं फिरवलं. खोकी चार दिवसांपूर्वीच आली होती, त्यांच्यावर धूळ नव्हतीच. पण नणंद येणार, थोरले दीर येणार म्हटलं की तिचे हात आपोआप फडक्याकडे जायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ही खोड सुटली नव्हती.

रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर गुडघ्याइतकं वर ठेवलं होतं, हवा यावी पण गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. खरं तर अलीकडे ते पूर्ण वर ठेवलं तरी फारसा फरक पडत नसे. पण हे अण्णांसमोर कुणी बोलत नसे.

अण्णा कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसून एका लाकडी पट्टीला पॉलिशचा कागद घासत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला ती पट्टी हवी नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने नुसतं बसायचं तरी कसं, म्हणून घासत होते.

"आले का ते?" त्यांनी विचारलं.

"येतील, अण्णा. थोरल्या भाऊजींचा फोन आला होता. ताईंना दवाखान्यातून घेऊन येतायत."

"ताईची सकाळपाळी होती?"

"हो."

"मग दमून येईल. चहाचं पाणी ठेव."

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, काउंटरमागे मोबाईल घेऊन बसला होता. चार दिवस तो त्या मोबाईलमध्ये एकच गोष्ट पुन्हापुन्हा वाचत होता. ऑनलाइन बाजारातलं त्यांचं दालन बंद केलं आहे, कारण त्यांनी नवा म्हणून वापरलेला माल विकला. काही म्हणणं असल्यास सात दिवसांत लेखी कळवावं. म्हणणं होतं, भरपूर होतं, पण ऐकायला पलीकडे माणूस नव्हता. काहीही लिहिलं तरी 'आपण संपर्क साधलात याचा आनंद आहे' असं उत्तर येत होतं.

"त्यांना कसला एवढा आनंद होतोय कळत नाही," तो म्हणाला.

दालन आठ महिन्यांपूर्वी त्यानेच उघडलं होतं, आणि हौसेने उघडलं नव्हतं. लोक दुकानात यायचे, हाताने जोडायच्या लाकडी विमानाचं, ग्लायडरचं, खोकं हातात घ्यायचे, खालीवर करून बघायचे आणि काउंटरपाशीच उभे राहून तेच खोकं मोबाईलवर मागवायचे. एकाने तर कोणत्या लाकडाला कोणता गोंद हे अण्णांकडून अर्धा तास समजून घेतलं, आणि गोंदही मोबाईलवरच मागवला. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "समजलं ना त्याला? झालं तर मग," म्हणाले. धाकट्याला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून त्याने बायकोला सांगितलं, त्यांच्याच बाजारात जाऊन बसू. आणि खरोखर, आठ महिन्यांत त्या एका ग्लायडरची त्रेसष्ट खोकी गेली. दुकानातून वर्षात एवढी गेली नसती.

त्यातली नऊ परत आली. नऊही खोक्यांवर कारण एकच: खोकं आधी उघडलेलं.

शटरखालून आधी ताईंची पिशवी आत आली, मग ताई वाकून आल्या आणि त्यांच्या मागून, गुडघ्यांना दोष देत, थोरला.

"हे शटर वर करायला काय होतं रे तुम्हाला?" थोरला म्हणाला. "माणूस आपल्या बापाच्या दुकानात चोरासारखा शिरतोय."

"तू आलास हे बाहेर कळलं तर गर्दी होईल," धाकटा म्हणाला.

थोरला हसला नाही. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्म्याची डबी ठेवली. कागदात काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. रक्त तपासणाऱ्या लॅबचा एक माणूस नमुने गोळा करण्यासाठी जागा शोधत होता. त्याला हा गाळा पसंत होता, आणि उत्तर त्याला उद्या सकाळी हवं होतं. आईच्या पश्चात वरची खोली विकली तेव्हा ताई थोरल्याच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. आजही तसंच होणार हे धरून धाकटा बसला होता. दोघं एकीकडे, तो एकीकडे, आणि अण्णा पट्टी घासणार.

ताई खुर्चीत बसल्या, चपला काढून त्यांनी पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवले. "बोला लवकर. सकाळी पाचपासून उभी आहे मी."

थोरल्याने पहिलं खोकं उचललं. विम्याच्या कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे काहीही हातात आलं तरी तो ते मोडलेल्या गाडीसारखं तपासायचा. नखाने त्याने कडेची टेप उचकटून पाहिली.

"टेपखाली टेप आहे," तो म्हणाला. "कारखान्याची फोडलीय आणि वरून दुसरी लावलीय. नीट लावलीय, पण दुसरीच. पॅकिंग कोण करतं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"तू एकटीच?"

"एकटीच."

ताईंनी डोळे उघडले. "अगं, मग सीलबंद माल फोडलास कशाला? चौदा वर्षं दुकानात आहेस ना तू? आमच्या दवाखान्यात सुईचं पाकीट जरा फाटलेलं दिसलं तरी आम्ही फेकतो. एवढं तर कुणालाही कळतं."

"ती उगाच काही करणार नाही," धाकटा म्हणाला. पण म्हणताना त्यानेही बायकोकडे पाहिलं, आणि ते पाहणं तिला नणंदेच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

 फोडलं कुणी हे तिला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात माहीत झालं होतं. पाठवायची खोकी ती संध्याकाळी टेबलावर काढून ठेवायची, आणि सकाळी येऊन बघावं तर प्रत्येकाची टेप ब्लेडने सरळ कापलेली. तिने अण्णांना सांगितलंही होतं, की हे असं उघडलेलं चालत नाही. अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती न धुतलेल्या कपात चहा द्यायला निघाली होती. "न बघता कसं द्यायचं?" एवढंच म्हणाले.  मग तिने वरून दुसरी टेप लावायला सुरुवात केली, आणि नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बापलेकांत बोलणं बंद झालं असतं. म्हणजे दुसरी टेप तर तिचीच होती. मग गप्प बसायलाच हवं.

"तिने नाही," कोपऱ्यातून आवाज आला. "मी उघडली."

घासण्याचा आवाज थांबला तेव्हा तो इतका वेळ चालू होता हे सगळ्यांना कळलं.

"सगळी?" थोरल्याने विचारलं.

"सगळी. मी आजवर एक खोकं न उघडता दिलेलं नाही. आणि या ग्लायडरचं तर मुळीच नाही. त्या कारखान्याने आकृती चारमध्ये डावा पंख आणि उजवा पंख उलटे छापलेत. पंचेचाळीस वर्षं झाली. मी त्यांना पत्रं लिहिली. एकदा उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढे काही नाही. मग मी पेन्सिलीने खोडून बरोबर लिहून देतो. तसंच जोडलं तर पंखाची फुगीर बाजू खाली जाते. विमान हातातून सुटलं की नाक घालून पडतं. पोराने आठवडाभर खपायचं आणि मग हे?"

 मग ताई हळूच हसल्या.

"त्या पेन्सिलींना टोकं मी करायची," त्या म्हणाल्या. "आठवतं, दादा? शाळेतून आलं की पहिलं काम. अण्णा म्हणायचे, टोक लांब हवं, पण मोडता कामा नये."

"तू मोडायचीस आणि माझं नाव सांगायचीस."

"तुझंच नाव सांगण्यासारखं होतं."

थोरल्याने खोकं खाली ठेवलं, पण हात त्याच्यावरच राहू दिला. "माझ्या वर्गात एक जाड मुलगा होता. माझ्याशी कधी बोलायचा नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत आला आणि म्हणाला, तुझ्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं म्हणून माझं उडालं. मग त्याने मला त्याचा डबा दिला." तो थांबला. "पूर्ण डबा."

धाकटीने पाहिलं, खोलीतली हवा बदलत होती. थोरल्याचे खांदे खाली आले होते. ताईंनी पाय स्टुलावरून खाली घेतले होते, आणि त्या पाय खाली घेतात तेव्हा काहीतरी ठरवतात हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा," ताई म्हणाल्या, "हे दुकान नाही द्यायचं."

"अगं, पण—"

"पण नाही. मोबाईलवाले खोकं न उघडता देतात. आपण उघडून देतो. हाच तर फरक आहे. तोच आपण बंद करायचा? माझी तीन वर्षं राहिलीत. मी आधीच निवृत्ती घेते आणि इथे येऊन बसते. या टेबलावर पूर्वीसारखी शनिवारी मुलं बसवू. अण्णा शिकवतील, मी त्यांची नाकं पुसेन. सवय आहे मला."

धाकटा काउंटरमागून उठून उभा राहिला होता. बहीण आपल्या बाजूने बोलते आहे यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. "खरंच म्हणतेस?"

"मी कधी खोटं बोलले?"

"पेन्सिलींच्या बाबतीत," थोरला म्हणाला, आणि या वेळी तो स्वतःच हसला. मग त्याने चष्म्याच्या डबीखालचा कागद काढून परत खिशात घातला. "ठीक आहे. त्या लॅबवाल्याला मी नको म्हणून कळवतो. आणि या ऑनलाइनवाल्यांना असं पत्र लिहितो की वाचून उभे राहतील. मी तीस वर्षं लोकांची पत्रं फेटाळलीत. कोणतं पत्र फेटाळता येत नाही हे मला चांगलं कळतं. अण्णांची सही घेऊ खाली. कागद दे रे."

धाकटी चहा आणते असं म्हणून मागच्या खोलीत आली.

खोली कसली, बोळच तो. एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला रिकामी खोकी, आणि त्या खोक्यांवर जुन्या चादरीखाली दोन ग्लायडर. दोन्ही तिने काल दुपारी जोडले होते. टेबलावरच्या नऊ खोक्यांपैकी शेवटची दोन रिकामी होती. म्हणून तर ती तिने ओळीच्या टोकाला ठेवली होती.

चौदा वर्षांत तिने कधी विमान जोडलं नव्हतं. हजारो गुंडाळली होती, एकही जोडलं नव्हतं. कुणी शिकवलं नाही, तिने विचारलं नाही. काल मात्र अण्णा झोपले असताना ती परत आलेल्या खोक्यांतली पत्रकं सारखी करत होती, तेव्हा एका चिठ्ठीवर तिची नजर गेली. कुण्या आईने लिहिलं होतं, की पत्रकावर कुणीतरी गिरवून ठेवलं आहे आणि त्यामुळे मुलाचा गोंधळ झाला. धाकटीला राग आला. गोंधळ कसला, अण्णांनी नीट लिहून दिलंय. मग तिने अण्णांच्या खणातून जुनं पत्रक काढलं आणि नवं त्याच्या शेजारी ठेवलं.

जुन्यात डावा आणि उजवा उलटे होते, हे खरंच. पण नव्यात ते सरळ होते. कारखान्याने पंचेचाळीस वर्षांनी आकृती चार सुधारली होती. आणि अण्णांनी सुधारलेली आकृती खोडून, लांब टोकाच्या पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, तिथे पुन्हा जुनी चूक लिहिली होती. त्रेसष्ट वेळा.

तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने दोन विमानं जोडली. एक अण्णांच्या पेन्सिलीप्रमाणे, एक छापल्याप्रमाणे. मागच्या गल्लीत जाऊन सोडली. पहिलं तिच्याच पायाशी नाक घालून पडलं. दुसरं गेलं. कसं गेलं हे तिला सांगताही आलं नसतं. हात सुटला आणि ते आपलं आपण जात राहिलं, दूधवाल्याच्या भिंतीपर्यंत. क्षणभर तिला इतका आनंद झाला की ती हसलीच. मग ती तिथेच दगडावर बसून राहिली.

"ऐकलंस?" धाकटा आत आला होता. बऱ्याच महिन्यांनी त्याचा चेहरा झोप झालेल्या माणसासारखा दिसत होता. "ताई आपल्या बाजूने आहे. दादासुद्धा. मला वाटलं होतं आज संपलं सगळं."

तिने गॅस बारीक केला. "आकृती चार चुकलीय."

"माहीत आहे. अण्णांनी आत्ताच तर सांगितलं."

"अण्णांची चुकलीय." तिने चादर बाजूला केली आणि थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्येच त्याने पडलेलं विमान उचललं, पंखाखालून बोट फिरवलं, आणि परत ठेवलं. लहानपणापासून याच दुकानात वाढलेला माणूस. बोट फिरवलं तेव्हाच त्याला कळलं होतं.

"आज बोलू नकोस," तो म्हणाला.

"मग कधी?"

"कधीच नको. काय फरक पडतो? दालन तर बंदच झालंय. नवी खोकी येतील तेव्हा मी स्वतः ती पत्रकं बदलून ठेवीन. अण्णांना कळणारही नाही." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "अगं, दुकान राहतंय. फक्त अण्णांचा हात चुकत नाही म्हणून राहतंय. तू हे बोललीस तर दादाचा कागद लगेच खिशातून बाहेर येईल. मग तू आणि मी काय करायचं? मला दुसरं काही येत नाही."

"आणि ज्यांच्याकडे गेलीत ती?"

"खेळणं आहे ते. एक खेळणं बिघडलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही."

तो हे मनापासून म्हणत नव्हता. पण घाबरलेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाला, आणि बाहेर गेला. धाकटीने चहा गाळला. पाच कप. हात दमले होते तिचे, कशाने कोण जाणे. सकाळपासून तर जड काहीच उचललं नव्हतं. गप्प बसणं तिला जमत होतं. चौदा वर्षं ते तिचं मुख्य काम होतं. आत्ताही नुसता ट्रे न्यायचा होता, कप वाटायचे होते.

बाहेर थोरला पत्र वाचून दाखवत होता. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कचेरीतला.

"...सदर दुकानातून गेल्या पंचेचाळीस वर्षांत गेलेले प्रत्येक ग्लायडर आमच्या वडिलांनी स्वतः तपासून दिले असून, त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही खोक्यात चूक राहिलेली नाही. किंबहुना, कारखान्याची चूक ते स्वखर्चाने—"

"स्वखर्च काढ," अण्णा म्हणाले. "पेन्सिलीला काय खर्च."

"असू द्या. शोभतं."

"बरं. आण इकडे, सही करतो."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. बोटांवरचा भुसा पुसला. थोरल्याने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला, ताईंनी पेन दिलं. धाकटा भिंतीला टेकून बायकोकडे बघत होता, नुसता बघत होता.

धाकटीने चहाचा ट्रे काउंटरवर ठेवला. मग ती परत आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात दोन विमानं होती, दुसऱ्या हातात दोन पत्रकं.

"अण्णा," ती म्हणाली, "सही करायच्या आधी हे बघा. त्यांनी आकृती चार सुधारलीय. या वर्षीच्या छपाईत. तुम्ही जे खोडलंत, तेच बरोबर होतं."

आपला आवाज इतका सपाट कसा आला याचं तिलाच नवल वाटलं. रेशन संपल्याचं सांगावं तसा.

अण्णांनी दोन्ही पत्रकं घेतली. एकाखाली एक ठेवली, बोट आकृती चारवर नेलं. बोट जुन्यावरून नव्यावर, नव्यावरून जुन्यावर जात राहिलं. बराच वेळ. चहावर साय धरली.

"हे आजच बोलायचं होतं का?" ताई म्हणाल्या. आवाज हळू होता, पण धार होती त्याला. "दोन शब्द त्यांना बरे ऐकू येत होते, तेही बघवले नाहीत तुला?"

"ताई, थांब जरा," थोरला म्हणाला. त्याने पत्र उचललं, 'एकाही खोक्यात चूक राहिलेली नाही' या ओळीवर त्याचा अंगठा होता. "ती म्हणते ते खरं असेल तर मी आत्ता बापाला खोट्यावर सही करायला लावत होतो."

"जोडलंय कुणी?" अण्णांनी विचारलं. ते विमानांकडे बघत होते.

"मी."

"तू?"

"हो. काल."

"गोंद किती वेळ वाळू दिलास?"

"एक तास."

"दोन लागतात."

"पत्रकात एक लिहिलंय, अण्णा."

"पत्रकात—" ते म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढला. "उडालं?"

"तुमच्या पेन्सिलीप्रमाणे जोडलं ते पडलं. छापल्याप्रमाणे जोडलं ते गल्लीच्या टोकाला गेलं."

"दूधवाल्यापर्यंत?"

"हो."

त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात, धाकटीला वाटलं, थोडी शाबासकीही होती. पण ती चुकीचंही समजत असेल.

"पूर्वी नवा लॉट आला की पहिलं खोकं मी स्वतः जोडायचो," अण्णा सावकाश म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "हल्ली माल आज येतो, उद्या जातो. जोडायला वेळ कुठे. मग हात आपला चालत राहतो. डोळ्यांपुढे आकृती बदललेली, आणि हाताला पत्ता नाही." त्यांनी पत्रकाची घडी घातली, परत उलगडली. "पण दुकानातून गेलं असतं ना, तर हे त्रेसष्टपर्यंत गेलं नसतं. पहिलंच पोरगं तिसऱ्या दिवशी आलं असतं. आजोबा, पडतंय हो, म्हणालं असतं. इथे या टेबलावर आम्ही दोघांनी मिळून बघितलं असतं. पहिल्यालाच कळलं असतं."

"अण्णा, नऊच तर परत आलीत," ताई म्हणाल्या. "चोपन्न लोकांची काही तक्रार नाही."

अण्णांनी लेकीकडे पाहिलं.

"चोपन्न मुलांनी जोडलं, पडलं, आणि कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "सांगायचं कुणाला? त्यांना वाटलं असेल, आपल्यालाच जमत नाही. कपाटावर टाकलं असेल. पुन्हा हातात घेणार नाहीत."

 थोरल्याने पत्र फाडलं नाही की चुरगाळलं नाही. नीट घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. त्याला फाडायची सवय नव्हती.

"चोपन्न पत्ते आहेत?" अण्णांनी धाकटीला विचारलं.

"आहेत. पार्सलवरच्या चिठ्ठीची दुसरी प्रत मी ठेवते."

"आपल्याला गिऱ्हाइकाला परस्पर पत्र लिहायची परवानगी नाही," धाकटा म्हणाला. इतक्या वेळाने तो पहिल्यांदा बोलत होता, आणि भिंतीशी बोलल्यासारखा. "त्यांचा नियम आहे."

"त्यांनी आपल्याला बाहेर काढलंय ना?"

"हो."

"मग आता त्यांचे नियम पाळायचे कशाला?" अण्णा थोरल्याकडे वळले. "तू त्या लॅबवाल्याला काय सांगणार आहेस?"

थोरला गोंधळला. "नको म्हणून. आत्ताच ठरलं ना आपलं."

"हो म्हण."

"अण्णा," ताई म्हणाल्या.

"तू तुझी नोकरी पूर्ण कर. दुकान माझ्या हातावर चालवायचं ठरवलंत तुम्ही, आणि हात कसा झालाय ते दिसलंय. पुढच्या वेळी गोंद चुकेल, नाहीतर ब्लेड." त्यांनी चष्मा परत घातला. "पण त्याला म्हणावं, दोन महिन्यांनी ये. पत्रं जातील, कुणाची उत्तरं येतील, कुणाला नवा पंख लागेल. तोवर उघडं राहायला हवं."

धाकट्याने भिंतीवरून पाठ काढली आणि तो शटरपाशी जाऊन उभा राहिला. खालच्या फटीतून रस्त्यावरचं ऊन त्याच्या पायांवर पडत होतं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तो वळला नाही. त्याचा राग तिला ओळखू आला असता. हा राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि त्यावर तिच्याजवळ काही इलाज नव्हता. ती त्याच्याशेजारी जाऊन उभीही राहू शकली नाही, कारण अण्णा हाक मारत होते.

"ते लेटरहेड नको. साधे कागद आण. आणि दादाला बसू दे इथे, त्याचं अक्षर चांगलं आहे."

थोरला बसला. "झेरॉक्स काढू या का? एक लिहितो आणि—"

"मी चूक हाताने लिहिली. त्रेसष्टदा. झेरॉक्स काढली नव्हती."

"बरं," थोरला म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं. "सन्माननीय ग्राहक—"

"ग्राहक काय? बाळ लिही."

"अण्णा, मोठी माणसंही विकत घेतात हे."

"त्यांनाही चालेल."

ताईंनी निवलेले कप उचलले, आत नेऊन ओतून टाकले आणि पुन्हा पाणी ठेवलं. येताना त्यांनी पार्सलच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला, धाकटीशी काही न बोलता तिच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि पाकिटांवर पत्ते घालायला बसल्या. दोन पत्ते झाल्यावर म्हणाल्या, "हा पिनकोड सहा आहे की आठ?" धाकटीने वाकून पाहिलं. "आठ." तेवढंच बोलणं झालं.

अण्णा सांगत होते. "बाळ, तू जोडलेलं विमान पडलं असेल. तुझा हात चुकलेला नाही. आमच्या दुकानातून गेलेल्या पत्रकावर मी पेन्सिलीने जे लिहिलं आहे, ते चूक आहे. ते खोडून टाक." ते थांबले. थोरल्याचं पेन त्यांच्यापर्यंत येईतो थांबले. मग त्यांनी दोन्ही विमानं टेबलावरून धाकटीकडे सरकवली. "आता पंख सोडवून परत कसा लावायचा, ते तू सांग."

"मी?"

"मी सांगायला लागलो की माझा हात पुन्हा उलटा जाईल. जोडलंयस तू. उडवलंयस तू."

धाकटीने पडलेलं विमान हातात घेतलं. पंखाचा सांधा नखाने चाचपला. शटरपाशी काहीतरी हललं. धाकटा टेबलापाशी आला होता. त्याने काउंटरवरचं पातळ ब्लेड उचललं आणि काही न बोलता तिच्यासमोर, पातं स्वतःकडे करून, ठेवलं.

"पहिल्यांदा," ती म्हणाली, "पंख धडाला जिथे चिकटलाय तिथे ओलं फडकं दहा मिनिटं धरायचं. ओढायचं नाही. सुटला की ब्लेडने वाळलेला गोंद खरवडायचा, आणि मग—"

"सावकाश," थोरला लिहिता लिहिता म्हणाला. "चोपन्नदा लिहायचंय मला."